कानळाची राई

संपादकांनी मला पाठवलं होतं हत्तींवर लिहायला. कर्नाटकातून 2002 साली घाट उतरून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आलेले हत्ती, मोडलेले माड, केळींच्या उद्ध्वस्त बागा, नुकसानभरपाईचे अर्ज. तिथल्या हेवाळे गावात दोन दिवस हेच ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "हत्ती काय, खंयय गावतले. आमची राई बघलात?" हत्ती तिथेच राहिले. हा लेख राईचा आहे.

मे महिना होता. वाटेतले ओहोळ कोरडे पडून त्यांच्यात नुसते गोटे उरले होते. बांबर्डे गावाच्या काजूबागा मागे टाकून उतारावरून खाली आलो आणि एकाएकी हवा बदलली. अंधार, गारवा, कुजलेल्या पानांचा वास, आणि ऐन वैशाखात पायाखाली पाणी. "चपला हयच काढून ठेवा," वाट दाखवणारे ते गृहस्थ, काका, म्हणाले. ते देवासाठी की चिखलासाठी, हे मी विचारलं नाही. पुढे वाटलं, दोन्ही कारणं एकच आहेत.

पायांना आधी मुळं लागली, डोळ्यांना मागाहून दिसली. चिखलातून वर येऊन, कोपरासारखी वाकून पुन्हा चिखलात शिरलेली शेकडो मुळं. झाडांच्या बुंध्यांनाही जमिनीपासून बऱ्याच उंचीवर पाय फुटलेले. झाड जणू धोतर वर खोचून पाण्यात उभं आहे. ही कानळ, म्हणजे जंगली जायफळाची एक जात, शास्त्रीय नाव मिरिस्टिका मॅग्निफिका. ती फक्त पश्चिम घाटात सापडते आणि धोक्यात आलेल्या जातींत तिची गणना होते. तिच्या गोड्या पाण्यातल्या दलदलीला अभ्यासक 'मिरिस्टिका स्वॅम्प' म्हणतात. गावाला या नावाशी कर्तव्य नाही. गावाची ती कानळाची राई.

या मुळांपाशी मी तासभर बसलो. चिखलात हवा नसते. सतत साचलेल्या पाण्यात बहुतेक झाडांची मुळं गुदमरून कुजतात. कानळीने यावर काढलेला तोडगा हट्टी माणसाचा आहे: श्वास घ्यायला मूळच चिखलाबाहेर काढायचं. वर आलेल्या त्या बाकावर बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवा आत जाते आणि खाली गाडलेल्या मुळांपर्यंत पोचते. यात एक मेख आहे. या मुळांचा सगळा हिशेब पाण्याच्या एका पातळीवर बसलेला असतो. पाणी आटलं तर बाजूच्या जंगलातली साधी झाडं आत घुसतात आणि कानळीला हटवतात. गाळ चढला तर छिद्रं बुजतात आणि झाड उभ्याउभ्या घुसमटतं. पाणी हवं, पण थोडं, वाहतं आणि बारमाही. अशी जागा घाटात किती सापडणार?

फारशी सापडत नाही. 1960 मध्ये त्रावणकोरच्या बाजूने या दलदलींचं पहिलं वर्णन झालं. मग उत्तर कन्नड जिल्ह्यात कत्तलेकान, म्हणजे 'काळोखाचं रान', प्रसिद्ध झालं. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई उजेडात आली. महाराष्ट्राची पाटी मात्र कोरीच होती. 2018 मध्ये बांबर्ड्याच्या या राईची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली आणि या दलदलींची उत्तर सीमा आपल्या राज्यात सरकली. नंतर याच तालुक्यात कुंब्रलच्या भालांडेश्वराच्या राईतही अशीच जागा सापडली. अशा जागा बहुधा ओढ्याकाठच्या, शेतीला सोयीच्या असतात. इतरत्र त्यांची भातशेती आणि पोफळीच्या बागा झाल्या. उरल्या त्यांतल्या कितीतरी जागा देवाच्या नावावर उरल्या. देवराईतून वाळकी काटकीही न्यायची नाही, हा नियम कुठल्याही वनखात्यापेक्षा जुना आहे.

काकांनी जमिनीवरून एक बी उचलून दाखवली. जायफळाच्या घरातलीच, तशीच लाल पत्री अंगाला वेटोळलेली. ही पत्री हे धनेशाचं आमिष. इथले लोक त्याला माडगरुड म्हणतात. तो बी अख्खी गिळतो, पत्री पचवतो आणि कठीण गोटा ओकून टाकतो, बऱ्याचदा दूरच्या झाडाखाली. कानळीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणजे फळं धरणारी झाडं आधीच कमी. त्यात या बीला वाट पाहता येत नाही. भाताचा दाणा वर्षभर कणगीत राहतो. ही ओलाव्याबाहेर काही दिवसांतच मरते. तिला ओली जमीन लागते आणि ओल्या जमिनीपर्यंत नेणारा पक्षी.

मी ती बी हळूच खिशात टाकली. काकांनी पाहिलं होतं. "हयचा हयच ठेवा," एवढंच म्हणाले. ठेवली.

राज्याने 2020-21 मध्ये या राईला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. क्षेत्र 2.59 हेक्टर. कोकणच्या हिशेबात जेमतेम साडेसहा एकर, म्हणजे एखाद्या खाऊनपिऊन सुखी घराची काजूबाग. आनंद झाला, पण परतताना तो उतरला. कारण पाणी या साडेसहा एकरांत उगवत नाही. ते वरच्या उतारांत मुरतं आणि झऱ्याने खाली येतं. दोडामार्गात डोंगरउतारांचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. रबर आणि अननस गेल्या काही वर्षांत झपाट्याने पसरलेत. जेसीबी एका दिवसात उतार उघडा करतो आणि पुढच्या पावसात माती ओढ्याला लागते. माती खाली आली की काय होतं, हे तालुक्याला ठाऊक आहे. जुलै 2021 मध्ये कळणे गावच्या खाणीतलं साचलेलं पाणी बांध फोडून गावात शिरलं, घरादारांत आणि शेतांत गाळ झाला. असा गाळ राईत आला तर मुळांच्या त्या छिद्रांचं काय होईल?

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये मनाई केली. मार्च 2024 मध्ये त्याच न्यायालयाने इथली 25 गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करायला सांगितलं. आदेश आहेत. तरी त्या दुपारी राईतून बाहेर पडताना कुठूनतरी करवतीचा आवाज येत होता. काकांनी तो ऐकला, मी ऐकला, दोघेही त्यावर बोललो नाही. ज्याची जमीन आहे त्याला मुलांची फी भरायची आहे, आणि उभ्या झाडाचे पैसे त्याला कुणी देत नाही. देव राईपुरता कडक आहे. वरच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही.

म्हणून सरकारकडे मागणं एकच आहे. वारसास्थळाची हद्द झाडांवरून आखली, ती पाण्यावरून आखा. झरा जिथून येतो तो उतार मोजा, आणि तिथलं रान उभं ठेवणाऱ्या मालकाला दरवर्षी त्याचा मोबदला द्या. हत्तीने मोडलेल्या माडाचा पंचनामा करायला माणूस येतो. राखलेल्या उताराचाही पंचनामा होऊ शकेल.