नामंजूर दाखला आणि अपिलाचा मार्ग

सरकारी मदतीचे दार बहुधा एका कागदाने उघडते. अपंगत्व आलेल्या माणसाच्या बाबतीत तो कागद म्हणजे अपंगत्वाचा, आजच्या सरकारी भाषेत दिव्यांगत्वाचा, दाखला होय. हा दाखला नाकारला गेला, अथवा त्यावर टक्केवारी फारच कमी पडली, म्हणजे पुष्कळ कुटुंबे 'सरकारच नाही म्हणते, तेथे आपण काय करणार?' असे म्हणून गप्प बसतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाच्या बाबतीत असे गप्प बसणे विशेष नुकसानीचे आहे. कारण हा रोग तपासणीच्या टेबलावर पुरता दिसत नाही. म्हणून त्याचे स्वरूप, कायद्याने दिलेला अपिलाचा अधिकार आणि तो वापरण्याची रीत, या तीन गोष्टी येथे थोडक्यात सांगावयाच्या आहेत.

प्रथम रोगाविषयी. फ्रान्समधील डॉ. शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे पद्धतशीर वर्णन केले. मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन, तसेच हे. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच या रोगात त्या वेष्टनावर उलटते. जेथे वेष्टन झिजते तेथून निरोप सावकाश जातो, किंवा जातच नाही. मग कोणाची दृष्टी अंधुक होते, कोणाचा पाय ओढला जातो, कोणास लघवीवर ताबा राहत नाही, तर कोणाचे हात बधिर होतात. बहुतेकांना हा रोग वयाच्या २० ते ४० वर्षांच्या दरम्यान, म्हणजे ऐन कर्तेपणात गाठतो. आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आहे.

बहुसंख्य रुग्णांत हा रोग आरंभी उलटून येतो आणि ओसरतो. मंगळवारी जिना चढणारी बाई गुरुवारी न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जाते. अंगाची उष्णता वाढली की लक्षणे बळावतात, ही गोष्ट उटहॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० सालीच नोंदविली होती. आपल्याकडच्या वैशाखातल्या दुपारी ती सांगावयास वैद्य लागत नाही. यावर कडी म्हणजे थकवा. हा थकवा झोपेने जात नाही व बाहेरून दिसतही नाही. त्यामुळे घरचे 'आळस' म्हणतात, कचेरीतले 'सोंग' म्हणतात, आणि डॉक्टरांच्या मंडळापुढे चार पावले नीट टाकली की 'ठीक आहे' असा शेरा पडतो.

आता कायद्याविषयी. १९९५ च्या जुन्या कायद्याच्या यादीत या रोगाचे नाव नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीतील २१ प्रकारांत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार या सदराखाली मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी उल्लेख आहे. 'हा रोग यादीत बसत नाही' असे कोणी तोंडी सांगितले, तर ही अनुसूची त्यांच्यासमोर ठेवावी.

परंतु नुसते निदान पुरत नाही. कायदा रोगामुळे आलेले अपंगत्व मोजतो, आणि पुष्कळशा सवलतींचा उंबरठा ४० टक्क्यांवर आहे. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील ५ टक्के राखीव जागा याच उंबरठ्यापुढे मिळतात. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेस तर ८० टक्के अपंगत्व व दारिद्र्यरेषेखालील कुटुंब अशा दोन्ही अटी आहेत. तेव्हा ३५ आणि ४० यांतील पाच अंकांवर एखाद्या घराचे पुष्कळ काही अवलंबून असते.

या कायद्याचे कलम ५८ सांगते की, प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याने दाखला द्यावा, अथवा अपंगत्व नसल्याचे लेखी कळवावे. नियमांप्रमाणे नकाराची कारणेही लेखी द्यावी लागतात. २०१७ च्या नियमांत यासाठी एक महिन्याची मुदत होती, ती २०२४ साली तीन महिने करण्यात आली. कलम ५९ अन्वये या निर्णयाने असमाधानी असलेल्या कोणाही व्यक्तीस अपील करता येते. अपील कोणाकडे व किती दिवसांत करावयाचे हे प्रत्येक राज्य सरकार ठरविते. आपल्या लोकांची घरे एका राज्यात, तर नोकऱ्या दुसऱ्या राज्यात असतात. म्हणून हा भेद ध्यानात असावा. दाखला मात्र एकदा मिळाला की साऱ्या देशात चालतो. इंदूरचा दाखला पुण्यास वा बेळगावास फिरून काढावा लागत नाही.

अपिलाची तयारी पुढीलप्रमाणे करावी.

पहिली गोष्ट, नकार लेखी घ्यावा आणि तो हाती पडल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवावी. जिल्हा रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण कचेरीत अपिलाचा अधिकारी व मुदत विचारावी. कारणे मिळाली नसतील, तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये मंडळाच्या तपासणीची नक्कल मागावी. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे. मात्र अपिलाची मुदत संपत असेल, तर या उत्तराची वाट न पाहता अपील दाखल करून 'अधिक कागद मागाहून जोडीन' असे त्यात नमूद करावे.

दुसरी गोष्ट, नकाराचे कारण नीट वाचून त्याच कारणास उत्तर द्यावे. 'चालता येते' असे कारण असता आपल्या गरिबीचे वर्णन पानभर लिहून उपयोग होत नाही. किती पावले चालता येते, त्यानंतर किती वेळ बसावे लागते, तेच अंतर दुसऱ्यांदा चालता येते काय, कोणाचा हात धरावा लागतो आणि वाटेत पडण्याचे प्रसंग किती आले, हे लिहावे. स्वयंपाक, स्नान, जिना, लेखन, वाचन या प्रत्येक कामास हेच प्रश्न लावावेत.

तिसरी गोष्ट, मज्जाविकारतज्ज्ञांचे पत्र. पत्रात रोगाचे नाव व एम. आर. आय. चा अहवाल असतोच. पण रुग्णास काय करता येत नाही हे त्यांनी लिहावे, अशी विनंती करावी. डॉ. कुर्ट्झके यांनी १९८३ साली तयार केलेली ० ते १० अंकांची मोजपट्टी या रोगासाठी जगभर वापरली जाते. तिच्या मधल्या व वरच्या अंकांत चालण्यालाच फार वजन आहे. थकवा, स्मरणशक्ती व हातांचे काम यांना तेथे कमी जागा मिळते. म्हणून या गोष्टींचा वेगळा उल्लेख असावा. दृष्टीसाठी नेत्रतज्ज्ञांचा, लघवीच्या तक्रारीसाठी त्या विषयाच्या डॉक्टरांचा आणि २५ फूट अंतर चालावयास किती सेकंद लागतात याचा फिजिओथेरपिस्टचा लेखी अहवाल जोडावा.

चौथी गोष्ट, रोजनिशी. साध्या शंभर पानी वहीत महिनाभर रोज चार ओळी लिहाव्यात. उदाहरणार्थ : 'सकाळी कुकर लावला, नंतर एक तास पडून राहिले. दुपारी डाव्या हातातून पातेले सुटले. संध्याकाळी बरे वाटले, देवळापर्यंत गेले; रात्री पाय उचलेना, यांनी धरून नेले.' चांगले दिवसही प्रामाणिकपणे लिहावेत. महिन्यातले १२ दिवस बरे आणि १८ दिवस वाईट, असा हिशेब अधिकाऱ्यास पटतो. तीसही दिवस वाईट म्हटले तर तो शंका घेतो. शेजारी अथवा सहकारी यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या प्रसंगाचे सहीनिशी निवेदन दिल्यास वहीला आधार मिळतो.

पाचवी गोष्ट, तपासणीचा दिवस. आपल्याकडे चारचौघांत दुखणे लपविणे ही मर्यादा समजली जाते. मंडळापुढे 'बरी आहे' असे सवयीने म्हटलेले वाक्य मात्र कागदावर उतरते. रोज काठी लागत असेल तर काठी घेऊनच जावे, बरोबर घरचे माणूस असावे, आणि चार पावले टाकून दाखविल्यावर पुढे काय होते तेही सांगावे. वाढवून सांगू नये, तसेच झाकूनही ठेवू नये.

अपील फेटाळले गेले तरी सर्व संपत नाही. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, उच्च न्यायालयात दाद मागता येते, आणि रोग वाढल्यास नव्या कागदांनिशी पुन्हा अर्ज करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना व दिव्यांगांना विनामूल्य वकील मिळतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते. शिवाय ४० टक्क्यांखाली राहिलेला माणूसही हक्कहीन नसतो. लिहिताना हात आखडणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले की, परीक्षेत लेखनिक मिळण्यास ४० टक्क्यांची अट घालता येत नाही. तसेच सरकारी अथवा अनुदानित संस्थेतील नोकरास सेवेत असता अपंगत्व आले, तर कलम २० प्रमाणे त्यास काढून टाकता येत नाही. झेपेल अशा जागी त्याच वेतनश्रेणीत घ्यावे लागते. पाय थकले म्हणून राजीनामा लिहून देण्यापूर्वी शिक्षिकांनी व कारकुनांनी हे कलम अवश्य वाचावे.

१९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था या रुग्णांसाठीच काम करते. मुंबई, पुणे, हैदराबाद व इंदूर येथे तिच्या शाखा आहेत. आपापल्या गावच्या मंडळांनाही या कामी पुष्कळ करता येईल. १ जून २०२१ पासून दाखल्याचा सारा व्यवहार यूडीआयडीच्या संगणकीय व्यवस्थेतून होतो. तो अर्ज भरून देणारा एक तरुण, अपिलाचा मसुदा पाहणारा एक निवृत्त वकील आणि तपासणीच्या दिवशी सोबत जाणारा एक कार्यकर्ता, एवढी तीन माणसे जरी मंडळाने नेमली, तरी नकाराचा कागद हाती घेऊन आलेल्या माणसास त्याच दिवशी कामाला लागता येईल. अपिलाचे दिवस मोजके असतात. त्यांतला पहिला दिवस दुःखात जाऊ नये, इतके आपण पाहिले तरी पुष्कळ झाले.