रेल्वे ‘दिली’ कुणी?

‘इंग्रजांनी निदान रेल्वे तरी दिली बापा,’ हे वाक्य आमच्या जठारपेठेत ओट्यावरच्या गप्पांत हमखास ऐकू येतं. मी मात्र त्यातल्या ‘दिली’ या शब्दापाशी दरवेळी अडखळतो.

इंग्लंडात आगगाडी धावू लागली, तशी ती मुंबईतही हवी असं जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांच्या मनानं घेतलं. १८०३ साली जन्मलेले नाना मुंबईचे बडे सावकार. १८४५ साली जमशेटजी जीजीभाईंच्या सोबतीनं त्यांनी रेल्वेसाठी मंडळ स्थापलं. पुढे ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे’ कंपनी निघाली आणि तिच्या गोऱ्या संचालकांत हे दोघे हिंदी गृहस्थ बसले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा नाना तीत होते. आदल्याच वर्षी त्यांनी हिंदी लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडायला ‘बॉम्बे असोसिएशन’ उभारली होती. १८६२ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळातही गेले.

आता पैशाची गोष्ट. कंपनी विलायतेतली, भागधारकही बहुतेक तिकडचेच. त्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. गाडीचं उत्पन्न कमी पडलं, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. म्हणजे साहेबाचं व्याज पक्कं आणि जोखीम शेतसारा भरणाऱ्या आपल्या पणजोबांची!

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवाहवासा झाला. भाव चढले. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले. त्याच वर्षी ३१ जुलैला नाना गेले. १८६७ मध्ये अकोल्यावरून जाणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारासाठी खास फाटा निघाला. नागपूरला पोहोचलेली ही गाडी पाहणं काही नानांच्या नशिबी नव्हतं.

रेल्वेनं आपलं भलं केलं, यात वाद नाही. दुष्काळात धान्य आलं, पोरं शिकायला मुंबई-पुण्याला गेली. पण ती कुणी ओंजळीत टाकलेली भीक नव्हे. आपल्यातल्या एका माणसानं ती मागितली, आणि तिचं मोल कास्तकारानं सारा भरून चुकवलं. नातवंडांना सांगताना एवढं तरी सांगावं.