संधिवातामागे दडलेला स्नायुक्षय

उतारवयात संधिवाताच्या रुग्णाचे आणि त्याच्या घरच्यांचे सारे लक्ष दुखऱ्या सांध्याकडे असते. परंतु त्याचे स्वावलंबन पुष्कळदा हिरावले जाते ते सांध्यांना हलवणारे स्नायू रोडावल्यामुळे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘कोपकॉर्ड’ पाहणीत ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना सांधे, हाडे किंवा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले होते. याच जिल्ह्यातील निरगुडसरसारख्या शेतीवर चालणाऱ्या गावांत, जिथे म्हातारपणीही खुरपणी आणि गुरांची उस्तवार सुटत नाही, तिथे अंगातली ताकद घटणे म्हणजे घरातले कामाचे माणूस कमी होणे होय.

वाढत्या वयाबरोबर स्नायूंचे वस्तुमान आणि बळ बेताबाहेर घटण्याला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. आमवातात, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटण्याच्या विकारात, ही घट अधिक वेगाने होते. कारण दाह पेटता ठेवणारी सायटोकाइन नावाची रसायने स्नायूंतील प्रथिनांचे विघटन वाढवतात, वेदनेमुळे हालचाल मंदावते आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे त्यात भर घालतात. घटलेल्या स्नायूंची जागा चरबीने घेतली, तर वजनकाटा पूर्वीचाच आकडा दाखवतो आणि ऱ्हास लक्षातच येत नाही.

याची पुढची पायरी म्हणजे जर्जरता. किरकोळ आजार किंवा पडणेही शरीराला न पेलण्याची ही अवस्था. अमेरिकेतील लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिची पाच लक्षणे निश्चित केली: नकळत घटणारे वजन, सततचा थकवा, हाताची सैल पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. यांपैकी तीन किंवा अधिक आढळल्यास व्यक्ती जर्जर मानली जाते.

आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागणे हे स्नायूंची कार्यक्षमता घटल्याचे लक्षण आहे. मात्र गुडघेदुखीनेही वेळ वाढत असल्याने निदान डॉक्टरांनीच करावे. दाह आटोक्यात ठेवणारे औषध, झेपेल असा स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि डाळी, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिने हा उपचाराचा पाया आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. स्टेरॉइडे परस्पर बंद करू नयेत, आणि सांधे दुखतात म्हणून ज्येष्ठांना कायमचे बसवूनही ठेवू नये.