दुर्बीण किती पटीची?

चैत्री पौर्णिमेपासून भरणाऱ्या महालक्ष्मीच्या यात्रेत विवळवेढ्याजवळच्या डोंगराच्या सुळक्यावर ध्वज लावला जातो. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून आलेले लोक खालून मान वर करून तो पाहतात. समजा, हा ध्वज आपल्यापासून १ किलोमीटर अंतरावर आहे आणि त्याच्या कापडावर, एकमेकांपासून १ सेंटिमीटर अंतरावर, दोन बारीक ठिपके काढलेले आहेत. हे ठिपके वेगवेगळे दिसण्यासाठी किती पट मोठे दाखवणारी दुर्बीण घ्यावी लागेल? ३० पट, १०० पट, की १००० पट?

वर्गात विचारून पाहा. बहुतेक विद्यार्थी सर्वांत मोठा आकडा सांगतील. दुर्बीण विकणाराही तोच आकडा ठळक अक्षरांत छापतो. शाळेसाठी दुर्बीण घेताना पैसे बहुधा वर्गणीतून जमलेले असतात आणि ती एकदाच घेता येते. म्हणून या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्यासाठी रायफलवर बसवल्या जाणाऱ्या दुर्बिणींचे उदाहरण उपयोगी आहे, कारण तिथे हा आकडा फार वर नेलेला असतो आणि त्याची परीक्षा लगेच होते.

लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा ‘एफ-क्लास’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात १००० यार्डांवरच्या, म्हणजे सुमारे ९१४ मीटरवरच्या लक्ष्यावर नेम धरतात. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १० इंच असतो. एवढ्या अंतरावरून हे वर्तुळ आपल्या डोळ्याशी जेमतेम १ कला इतका कोन करते. (१ अंश म्हणजे ६० कला आणि १ कला म्हणजे ६० विकला.) निरोगी डोळ्याची विभेदनक्षमताही साधारण १ कलाच आहे. याहून जवळचे दोन बिंदू आपल्याला एकच वाटतात. त्यामुळे इथे दुर्बिणीची मदत लागते.

अशा दुर्बिणीवर ५-२५×५६ असे आकडे असतात. पहिले दोन विवर्धनाचे. हे विवर्धन ५ पटीपासून २५ पटीपर्यंत बदलता येते. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाच्या, म्हणजे वस्तुभिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. जपानमध्ये तयार होणाऱ्या ‘मार्च’ दुर्बिणींत ८-८०×५६ अशीही एक आहे. वस्तुभिंग तेवढेच, पण विवर्धन ८० पटीपर्यंत. या दोन दुर्बिणींची तुलना करू.

पहिला मुद्दा प्रकाशाचा. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास म्हणजे वस्तुभिंगाचा व्यास भागिले विवर्धन. २५ पटीला तो ५६ ÷ २५ = २.२ मिलिमीटर येतो, ८० पटीला ०.७ मिलिमीटर. भर उजेडात आपल्या डोळ्याची बाहुली २ ते ३ मिलिमीटर उघडी असते. म्हणजे २५ पटीला ती जवळजवळ भरते. ८० पटीला तोच प्रकाश सुमारे दहापट मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि प्रतिमा त्या प्रमाणात अंधूक होते.

दुसरा मुद्दा दृष्टिक्षेत्राचा. नेत्रिकेत दिसणारे वर्तुळ २० अंशांचे आहे असे धरले, तर १ किलोमीटरवरचा सुमारे १४ मीटर रुंदीचा भाग २५ पटीला दिसेल आणि ८० पटीला जेमतेम ४.४ मीटरचा. लक्ष्य सापडायलाच वेळ लागेल. शिवाय हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसेल.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे भिंगातून जाताना त्याचे विवर्तन होते आणि बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी चकती होते. दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान किती कोन हवा, हे भिंगाच्या व्यासावरून ठरते. ११६ ला भिंगाच्या व्यासाने (मिलिमीटरमध्ये) भागले की हा कोन विकलांमध्ये मिळतो. ५६ मिलिमीटरच्या भिंगासाठी तो २.१ विकला येतो. १ किलोमीटरवर हे अंतर होते १ सेंटिमीटर!

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. हा २.१ विकलांचा कोन डोळ्याला दिसेल असा, म्हणजे ६० विकलांचा करायला साधारण ३० पट विवर्धन पुरे होते. डोळ्याला ताण पडू नये म्हणून याच्या दुप्पट घेता येईल. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण तिच्यात नवा तपशील येत नाही. वर्तमानपत्रातले छायाचित्र हातभिंगाने पाहिले की छपाईचे ठिपके मोठे होतात, चेहरा अधिक स्पष्ट होत नाही, तसाच हा प्रकार आहे. आणि वस्तुभिंग २२ मिलिमीटरचे असेल, तर विवर्धन १००० पट केले तरी ते दोन ठिपके एकच दिसतील.

ही झाली भिंगाची मर्यादा. हवेची मर्यादा वेगळी. हवेचा वक्रीभवनांक तापमानाबरोबर किंचित बदलतो. उन्हात तापलेल्या जमिनीलगत गरम व थंड हवेचे झोत एकमेकांत मिसळत असतात आणि त्यांतून येणारे किरण सतत थोडे थोडे वळतात. एप्रिलच्या दुपारी डहाणूच्या किनाऱ्यावरील वाळूवर किंवा तलासरीच्या महामार्गावर दूरची वस्तू थरथरताना दिसते ती यामुळेच. ही थरथर सहज काही विकलांची असू शकते. मग ८० पटीची दुर्बीण थरथरच मोठी करून दाखवते. अनुभवी नेमबाज अशा वेळी विवर्धन कमी करतात. इतकेच नव्हे, तर थरथर कोणत्या बाजूला वाहते आहे ते पाहून वाऱ्याचा अंदाज घेतात. सकाळच्या थंड हवेत, जमिनीपासून उंचावरून जाणाऱ्या दृष्टिरेषेत थरथर कमी असते. त्यामुळे त्याच दुर्बिणीतून दुपारी वाळूलगत पाहण्यापेक्षा सकाळी डोंगरमाथा पाहिला, तर तो अधिक स्पष्ट दिसतो.

विवर्धन मुळीच नसले तर? कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या. या स्पर्धांत रायफलवर दुर्बीण लावायला परवानगीच नसते. इथे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. ५० मीटरवरून ते सुमारे ४३ विकलांचे भरते, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेहूनही लहान. नेमबाजाला ते दिसतच नाही!

त्याला दिसते ती ११२.४ मिलिमीटरची काळी चकती. डोळ्याजवळ साधारण १ मिलिमीटरचे छिद्र असते आणि नळीच्या टोकाशी एक कडे. लहान छिद्रामुळे, सूचिछिद्र कॅमेऱ्याप्रमाणे, जवळचे कडे आणि दूरची चकती दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. नेमबाज फक्त चकती कड्याच्या बरोबर मध्ये आणतो. दोन बिंदू वेगळे ओळखण्यात आपला डोळा १ कलेपाशी थांबतो, पण दोन रेषा जुळल्या की नाहीत, वर्तुळ मध्यावर आहे की नाही, हे तो काही विकलांपर्यंत ओळखू शकतो. व्हर्नियर कॅलिपरचे वाचन करताना विद्यार्थी हीच क्षमता वापरतात.

आता शाळेच्या दुर्बिणीकडे वळू. विकत घेण्यापूर्वी दोन साध्या चाचण्या करता येतील. डब्यावर ३०×६० लिहिले असेल तर प्रथम पुढचे भिंग पट्टीने मोजा. ते खरोखर ६० मिलिमीटर आहे का? मग दुर्बीण उजळ आकाशाकडे धरा (सूर्याकडे कधीही नाही) आणि नेत्रिकेमागे पांढरा कागद धरून त्यावर पडणारी प्रकाशाची सर्वांत लहान, रेखीव चकती मोजा. ती २ मिलिमीटरची हवी.

दुसरी चाचणी विटांच्या भिंतीची. एक डोळा दुर्बिणीला लावा, दुसरा उघडा ठेवा. दुर्बिणीतून दिसणाऱ्या एका विटेच्या लांबीत उघड्या डोळ्याला दिसणाऱ्या किती विटा बसतात ते मोजा. ते खरे विवर्धन. या विवर्धनाने चकतीच्या व्यासाला गुणले की वस्तुभिंगाचा प्रत्यक्ष वापरला जाणारा व्यास मिळतो. तो पट्टीने मोजलेल्या व्यासापेक्षा बराच कमी आला, तर आत एखादी झडप बसवून भिंगाची कड झाकलेली आहे असे समजावे. स्वस्त दुर्बिणींत भिंगाचे दोष लपवण्यासाठी असे करतात.

खाडीतले पक्षी पाहण्यासाठी हातात धरायची दुर्बीण ८ ते १० पटीची आणि ४० ते ५० मिलिमीटर भिंगाची पुरेशी असते. चंद्रावरची विवरे आणि गुरूचे उपग्रह पाहायचे असतील, तर मोठ्या वस्तुभिंगासाठी आणि भक्कम तिकाटण्यासाठी पैसे ठेवावेत. दोन्ही चाचण्या विद्यार्थ्यांकडूनच करून घ्याव्यात, आणि त्या दुकानातच कराव्यात.