व्यास महाभारतात कुठे सापडतात?

मडक्यात कुंभार शोधायचा का, हा आपल्याकडचा फार जुना वाद. नैयायिक म्हणतात, कुंभार हे निमित्तकारण, माती हे उपादानकारण. मडके घडले की कुंभार वेगळा. वेदान्त्यांना हे पटत नाही. ते मुंडक उपनिषदातल्या कोळ्याकडे बोट दाखवतात, जो आपले सूत स्वतःतूनच काढतो. पुण्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला: महाभारतात व्यास कुठे शोधायचे? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत तो जवळजवळ अर्धे शतक पोथ्यांच्या ढिगात बसून सोडवला जात होता.

१ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा श्रीगणेशा झाला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले होते. पुढे विष्णु सीताराम सुकथनकरांनी धुरा घेतली. १९४३ साली ते गेले. त्यांच्यामागे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मग परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम पुढे नेले आणि १९६६ साली ते पुरे झाले. एकूण १,२५९ हस्तलिखिते आणि १९ खंड! कागदाच्या तक्त्यावर मूळ श्लोक, त्याखाली पोथीगणिक पाठभेद. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम् लिपीतली पोथी, एकमेकींपासून इतक्या दूर असूनही एकच पाठ देत असतील, तर तो पाठ जुना, असा साधा पण पक्का निकष.

या चाळणीत अनेक लाडक्या गोष्टी मूळ संहितेतून बाहेर पडून तळटीपांत आणि परिशिष्टांत गेल्या. गणपती लेखक झाला ही कथा त्यांतली. द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही त्यांतच. घराघरांत हळहळ झाली असेल. ती समजण्यासारखी आहे. पण सुकथनकरांनी व्यासांची मूळ संहिता हाती लागल्याचा दावा कधी केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जितके मागे जाता येते तितके जायचे, एवढेच त्यांचे उद्दिष्ट होते. हा संयम मला या आवृत्तीतली सर्वांत मोठी विद्वत्ता वाटते. कर्त्याला शोधायला निघालेल्या माणसांनी कर्ता सापडला नाही, तर तो बनवला नाही.

आणि तरीही व्यास महाभारतात आहेतच. सत्यवतीचे पुत्र, धृतराष्ट्र, पांडू आणि विदुर यांचे जन्मदाते. गांधारीच्या मांसपिंडाचे १०१ भाग करणारे, संजयाला दिव्य दृष्टी देणारे तेच. जनमेजयाच्या सर्पसत्रात ते स्वतः बसलेले असतात, पण कथा सांगायला लावतात शिष्य वैशंपायनाला. ती पुन्हा शौनकाला सांगतो सौती. म्हणजे कर्ता समोर असूनही शब्द दुसऱ्याच्या तोंडचे. त्याच्या घरची नातवंडे-पणतवंडे एकमेकांना मारतात. तो सर्व जाणतो, सावध करतो आणि युद्ध थांबवू शकत नाही. आश्रमवासिक पर्वात तो एका रात्रीपुरते मेलेल्या वीरांना गंगेतून वर आणतो, आयांना मुले भेटवतो, आणि पहाटे ती सारी परत जातात. कर्त्याचे हे रूप मला देवापेक्षा आजोबाचे वाटते.

पण हे व्यास म्हणजे ग्रंथ रचणारा माणूस नव्हे; तो ग्रंथातले पात्र आहे. या दोघांची गल्लत करून आपण उगाच पुरावे शोधतो. अभंगांतही हेच होते. ‘तुका म्हणे’ ही मुद्रा शेवटी आली म्हणून तो अभंग देहूच्या तुकोबांचाच, असे ठरत नाही. नाममुद्रा दुसऱ्यालाही लावता येते.

आणि कर्त्याचे नाव नसले, तरी काय बिघडते? पुण्याच्या शुक्रवार पेठेतले राजा केळकर संग्रहालय पाहा. अडकित्ते, दिवे, दारे, पेट्या: वस्तू हजारो, आणि घडवणाऱ्या बहुतेकांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. संग्रहाला नाव दिले आहे दिनकर केळकरांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचे. केळकर स्वतः कविता लिहायचे ‘अज्ञातवासी’ या नावाने. अडकित्त्यावरच्या बारीक कोरीवकामात कारागिराची सवय, सबुरी, बोटांची ताकद दिसते. त्याचे गाव, घर, सुखदुःख दिसत नाही, आणि ते न दिसल्याने अडकित्त्याचे काही अडत नाही.

जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराच्या लेण्यातही एकदा जाऊन बघा. आठव्या शतकाच्या सुमाराचे ते काम अर्धवट राहिले आहे. तिथे कुणा शिल्पकाराचे नाव नाही, पण कातळावर छिन्नीचे घाव अजून दिसतात.