सिकलसेलच्या रुग्णाला ‘पाणी पीत राहा’ का सांगतात?

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सिकलसेल हा शब्द नवा नाही. नंदुरबार हा या आजाराचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. ‘पाणी भरपूर प्या’ हा दवाखान्यातला सल्ला मात्र अनेकांना किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाही.

साखरेचा पाक आठवा. दाट झाला तरी लगेच दाणे पडत नाहीत. द्रवात पहिला कण तयार होताना घन आणि द्रव यांच्यात नवी सीमा बनते आणि त्या सीमेसाठी ऊर्जा मोजावी लागते. कण जितका बारीक, तितका हा खर्च जड. म्हणून तो बहुधा पुन्हा विरघळतो. ठरावीक आकार ओलांडला, की मग वाढतच जातो.

सिकलसेलमध्ये हेच तांबड्या पेशीत घडते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेले असते. ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. पण दोरे बनायला थोडा विलंब लागतो. तेवढ्यात पेशी केशवाहिनीतून निसटली, तर फुप्फुसात पुन्हा ऑक्सिजन मिळतो. अडकली तर रक्तप्रवाह तुंबतो आणि हाडे फोडून काढणाऱ्या वेदना सुरू होतात.

१९७४ मध्ये अमेरिकेत हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी हा विलंब मोजला. तो हिमोग्लोबिनच्या तीव्रतेच्या जवळपास तिसाव्या घाताने घटतो, असे आढळले. सोपा हिशेब: पेशीतील तीव्रता फक्त ५ टक्के वाढली, तर विलंब साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो! उन्हातली मजुरी, ताप, जुलाब यांत शरीरातले पाणी घटले, की पेशीही सुकते. हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवून हाच विलंब लांबवते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

गावातल्या शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणीही यावरच चालते: रक्ताचा थेंब टाकल्यावर नळीतले द्रावण गढूळ राहिले, तर दोष आहे. पण वाहक की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून सोयरीक ठरण्याआधी हा दुसरा रिपोर्ट मागून घ्यावा.