बागेतला नेपाळी, गेटवरचा नेपाळी: आपले समज आणि खरी स्थिती

दिवाळी सरली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कलमांच्या बागांमध्ये नेपाळी कुटुंबं येऊन उतरतात. फवारणी, वानरांपासून राखण, झेल्याने आंबा उतरवणं, पेट्या भरणं ही कामं बऱ्याच बागांत त्यांच्याच हातात असतात. पाऊस लागायच्या आत ती परततात. पुण्या-मुंबईत सोसायटीच्या गेटवरही नेपाळी माणसं वर्षानुवर्षं दिसतात. तरी त्यांच्याबद्दल आपण जे खात्रीने बोलतो, त्यातलं बरंच चुकीचं असतं, आणि त्याचा त्रास त्यांना भोगावा लागतो.

'व्हिसा नाही, म्हणजे बेकायदा राहतो' हा त्यातला सगळ्यात घातक समज. ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत भारत-नेपाळ मैत्री करार झाला. त्याच्या सातव्या कलमात एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा यांबाबत सारख्याच सवलती द्यायचं ठरलं. म्हणून नेपाळचा माणूस बनबसा किंवा रुपईडिहाच्या नाक्यावरून व्हिसाशिवाय येतो आणि कष्ट करून उजळ माथ्याने राहतो. आपणही तिकडे व्हिसाशिवायच जातो.

याचं दुसरं टोकही चुकीचंच. करारामुळे कुणी भारताचा नागरिक होत नाही, त्याला मतदान करता येत नाही. आधार कार्ड हाती असलं तरी तो नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. हे तुमच्या-माझ्या आधारलाही लागू आहे.

'नेपाळी बोलतो म्हणजे परदेशी' हेही खरं नाही. दार्जिलिंग आणि सिक्कीममधले लाखो नेपाळीभाषक पिढ्यान्‌पिढ्या भारतीय आहेत, आणि १९९२ पासून नेपाळी भाषा आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. तसंच गेटवरचा प्रत्येक जण गुरखा नसतो. गोरखा पलटणींची भरती परंपरेने मगर, गुरुंग, राई, लिंबू या समाजांतून होत आली. आपल्याकडे कामाला येणारे पुष्कळ जण अछाम, डोटी, बझांग अशा पश्चिमेकडच्या डोंगरी जिल्ह्यांतले असतात. त्यांना सरसकट 'बहादूर' म्हणून हाक मारणं आता थांबवायला हवं. नाव विचारायला काहीच लागत नाही.

खरी अडचण येते ती कागदांपाशी. नेपाळी माणसाचा मुख्य ओळखीचा कागद म्हणजे 'नागरिकता'. तो देवनागरीत असतो, आपल्याला सहज वाचता येतो. पण जन्मसालाच्या रकान्यात २०५५ दिसतं आणि बँकेच्या खिडकीपलीकडचा माणूस कागद परत सरकवतो: खोटा आहे! खोटा नसतो. नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो आणि त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंतची तारीख असेल तर सालातून ५७ वजा करायचे, पुढे चैत्रअखेरपर्यंत ५६. वैशाख २०५५ म्हणजे एप्रिल-मे १९९८. एवढा हिशेब ठाऊक नसल्यामुळे बँकेतलं काम अडावं, भाड्याची खोली हातची जावी, हे बरोबर नाही.

पैसे गावी पाठवायला ओळखीच्या माणसाचाच आधार, असंही मानलं जातं. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये भारत-नेपाळ पैसे पाठवण्याची खास योजना सुरू केली. आधी एका वेळी ५० हजार रुपयांची मर्यादा होती. २०२१ मध्ये ती खात्यातून पाठवण्यासाठी दोन लाखांवर नेली. थकून गावाकडे निघालेल्या माणसाने वर्षाची कमाई कमरेला बांधून दोन-तीन दिवसांचा प्रवास करण्याची गरज नाही.

'दाखला नाही, तर पोराला शाळा कशी मिळणार?' हा प्रश्न बागमालकही विचारतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांचं 'प्रत्येक बालक' असे शब्द आहेत. 'नागरिक' असं म्हटलेलं नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्ये आलं म्हणूनही नाही. म्हणजे नोव्हेंबरात आलेलं मूल दुसऱ्याच दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेत बसू शकतं.

पण बागेतल्या मांगरात राहणाऱ्या आईबापांना हे सांगणार कोण? शाळा कुठे, गुरुजी कोण, तेही त्यांना ठाऊक नसतं. तुमच्या बागेत किंवा सोसायटीत असं मूल असेल, तर त्याच्या आईला सोबत घ्या आणि एकदा शाळेपर्यंत जाऊन या.